पाहुणा गायक आणि गावची वाजंत्री

तासगावच्या गणपतीचा रथ ऋषिपंचमीला निघतो. परशुरामभाऊ पटवर्धनांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस उभारलेल्या मंदिराचे सात मजली गोपुर मागे टाकून लोक दोर ओढू लागतात, तेव्हा त्या गर्दीला ताल देणाऱ्यांची नावे सहसा कोणत्याही हस्तपत्रिकेवर नसतात. पुढे यात्रांचा हंगाम आला की त्याच तालुक्यात गावोगाव मंच उभारले जातात. द्राक्ष-बेदाण्याचा पैसा ज्या गावी बरा खेळतो, तेथे पुण्या-मुंबईचा गायक किंवा गायिका आणली जाते आणि त्यांची छायाचित्रे चौकाचौकांत झळकतात. या दोन दृश्यांमध्ये जे अंतर आहे, ते केवळ कलेच्या दर्जाचे आहे असे मानण्याची आपल्याकडे सवय आहे. ती सवय तपासून पाहण्याजोगी आहे.

अलीकडे काही ठिकाणी गावच्या भजनी मंडळाने, बँडपथकाने किंवा हौशी वाद्यवृंदाने स्वतः पुढाकार घेऊन नामवंत एकल कलावंताला आपल्याबरोबर गाण्या-वाजवण्यास बोलावावे, अशी इच्छा मूळ धरू लागली आहे. तिचे स्वागतच केले पाहिजे. नामवंताला बोलावणे म्हणजे व्यक्तिपूजा, असे म्हणून नाक मुरडणारे कार्यकर्ते चळवळीत नाहीत असे नाही. परंतु लोककलेचा इतिहास त्यांच्या बाजूचा नाही. तमाशाच्या फडात शाहीर पुढे उभा राहतो आणि सुरते मागून त्याचा सूर झेलतात. तुणतुणे थांबले तर शाहिराचा आवाज उघडा पडतो आणि शाहीर बसला तर तुणतुण्याला अर्थ उरत नाही. एकट्याचा स्वर आणि समुदायाचा स्वर यांत वैर नाही. वैर निर्माण होते ते करारात, बिदागीत आणि बसण्याच्या जागेत.

सांगली-कोल्हापूरकडे हलगी, घुमके आणि कैताळ यांचा मेळ हा या भूमीचा स्वतःचा वाद्यवृंद होय. कुस्तीच्या मैदानात हलगी कडाडल्याशिवाय पैलवानाच्या अंगात रग येत नाही. हे वाद्य पिढ्यान्‌पिढ्या मुख्यतः मातंग समाजाने आणि सनई होलार समाजाने सांभाळली. सांभाळली म्हणजे काय? ती त्यांच्या गळ्यात बांधली गेली. वाजवणे हा हक्क नव्हता, गावकीचे काम होते. मोबदला म्हणून सुपातले धान्य मिळे आणि जेवणाची पंगत वेगळी बसे. म्हणूनच जागृत झालेल्या दलित तरुणांपैकी अनेकांनी हलगी खाली ठेवली. त्यांना परंपरेच्या नावाने दोष देण्याचा अधिकार कोणालाही नाही. आता तर डॉल्बीची भाड्याची भिंत दहा-वीस माणसांची रोजी एका रात्रीत गिळते. जी हलगी जातीच्या जुलमातून सुटली, ती बाजाराच्या जुलमात मरू द्यायची काय, हा खरा प्रश्न आहे. पाहुण्या कलावंताचा विचार या प्रश्नापासून तोडता येत नाही.

या जिल्ह्याला हे नवे नाही. ३ सप्टेंबर १९४२ रोजी तासगावच्या मामलेदार कचेरीवर मोर्चा गेला आणि पुढे प्रतिसरकारच्या काळात शाहीर शंकरराव निकमांचे पोवाडे गावोगाव गाजले. शाहीर एक, परंतु झील धरणारे गावचे. १९४४ साली लाल बावटा कलापथक उभे राहिले. त्यातला बुलंद आवाज अमर शेखांचा, पण त्या आवाजाला शब्द पुरवणारे अण्णाभाऊ साठे याच जिल्ह्यातील वाटेगावच्या मातंगवाड्यातून आलेले होते. पुढे दोघेही १९६९ सालीच गेले. राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकानेही वसंत बापट, लीलाधर हेगडे यांच्यासारख्यांच्या हाताखाली समूहगानाची शिस्त लावली, निळू फुले यांच्यासारखा नट घडवला. मात्र तेथे मध्यमवर्गीय मुलामुलींचा वावर जितका सहज होता, तितका पिढीजात हलगीवाल्याचा नव्हता, हेही नमूद करावे लागते.

नावाचा प्रश्नही किरकोळ नाही. गोव्याच्या चर्चशाळांत व्हायोलिन शिकलेल्या शेकडो वादकांनी मुंबईच्या चित्रपटसंगीताला अंग दिले. तबकड्यांवर नावे आली ती गायकांची आणि संगीत दिग्दर्शकांची. सेबास्टियन डिसोझांसारख्या वाद्यमेळ रचणाऱ्याला रसिक ओळखू लागले ते फार उशिरा. अँथनी गोन्साल्विस यांनी १९५८ साली मुंबईत देशी राग आणि पाश्चात्त्य वाद्यमेळ यांना एकत्र आणणारा वाद्यवृंद उभा करून त्यापुढे लता मंगेशकर आणि मन्ना डे यांना एकल गायक म्हणून उभे केले. एवढे मोठे गळे लाभूनही तो प्रयोग टिकला नाही. गायकाची कीर्ती एका संध्याकाळपुरती उसनी मिळते, पण वृंदाला वर्षभर जगावे लागते. उलट गंधर्व नाटक मंडळीत अहमदजान थिरकवा तबल्याला आणि कादरबक्ष सारंगीला बसत, तेव्हा प्रेक्षक बालगंधर्वांइतकेच त्यांनाही नावाने ओळखत. साथीदाराला मान दिल्याने गायक लहान होत नाही, याला यापेक्षा मोठा दाखला कशाला हवा?

मैहरचे उदाहरण तर अधिकच बोलके आहे. अल्लाउद्दीन खाँ यांनी १९१८ च्या सुमारास साथीच्या रोगाने पोरक्या झालेल्या मुलांना जमवून त्यांचे वाद्यवृंदपथक बांधले. बंदुकीच्या नळ्या कापून त्यांचे नळतरंग बनवले. एवढा थोर वादक त्या मुलांपुढे केवळ वाजवून निघून गेला नाही, तो त्यांना शिकवीत राहिला. प्रत्येक पाहुण्याने मैहर उभारावे, अशी अपेक्षा वेडेपणाची होईल. परंतु कार्यक्रमाच्या आधी दोन दिवस येऊन गावच्या वादकांबरोबर तालीम करावी, त्यांच्या एका चिजेला आपला गळा द्यावा, एवढे मागणे अवास्तव नाही. जो कलावंत मोटारीतून थेट मंचावर उतरतो आणि ध्वनिमुद्रित साथीवर गाऊन रातोरात परत जातो, त्याला यात्रेच्या पैशातून मोठी बिदागी देण्यात गावाचा लाभ कोणता?

पैसा नाही, ही सबब नेहमीची आहे आणि ती फारशी खरी नाही. तासगावपासून जवळच मिरजेत सतार-तंबोरे घडवणारी घराणी आहेत. त्यांच्या वाद्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. भजनी मंडळाचा तंबोरा जुळवून आणण्यास, फाटलेली हलगी नव्याने मढवण्यास लागणारा खर्च पाहुण्याच्या स्वागताच्या कमानीहून कमी असतो. उणीव आहे ती हिशेब मांडणाऱ्यांच्या दृष्टीत.

यात्रा समित्यांच्या वह्या चैत्राच्या आधीच उघडतात. तेथे, तरुण मंडळांत आणि ग्रामपंचायतींत पक्षाचे कार्यकर्ते बसतात. ‘वाजंत्री’ हे कलम किरकोळ खर्चातून उचलून गायकाच्या मानधनाशेजारी लिहावे, वादकांची नावे फलकावर छापावीत, त्यांची पंगत पाहुण्यांबरोबर बसावी आणि मानधन त्याच रात्री, सर्वांदेखत हातात पडावे, असा ठराव त्यांनी पहिल्याच बैठकीत मांडावा. तो फेटाळला गेला तर कोणी व का फेटाळला, याची चर्चा ग्रामसभेत उघडपणे करावी.