पावसातले टायर : निवड मालकाची, जीव ड्रायव्हरचा



आषाढ पौर्णिमेला वर्षावास सुरू होतो. पावसाळ्यात गावोगाव फिरताना नव्याने उगवलेली पिके आणि बारीकसारीक जीव पायाखाली तुडवले जाऊ नयेत, म्हणून तथागतांनी भिक्खूसंघाला तीन महिने एका जागी राहण्याचा नियम घालून दिला. आपल्या विहारांतून या काळात ग्रंथवाचन चालते. पण आपल्या वस्तीतल्या कित्येक घरांत एक माणूस असा असतो, की पाऊस असो वा चिखल, त्याला थांबता येत नाही. तो ट्रकवर ड्रायव्हर असतो, स्वतःचा किंवा दुसऱ्याचा पिकअप चालवतो, दुधाच्या टँकरवर असतो, नाहीतर उसाच्या गाडीवर क्लीनर असतो. आजचा लेख त्याच्यासाठी आहे आणि रात्री दाराकडे डोळे लावून बसणाऱ्या त्याच्या घरच्यांसाठीही आहे. विषय साधाच आहे : पावसाळ्यात चालणाऱ्या मालगाडीला टायर कोणता घ्यावा?

कुणी म्हणेल, बारामती-इंदापूरला पाऊस तो कितीसा? हा तर पर्जन्यछायेचा मुलूख. खरे आहे, कोकणाच्या मानाने आपला पाऊस फारच थोडा. पण धोका तिथेच आहे. आपला पाऊस रोज पडत नाही, तो एकदम कोसळतो. ऑक्टोबर २०२० मध्ये परतीच्या पावसाने इंदापूर तालुक्यातले ओढे रस्त्यावर आणले. मे २०२५ च्या अखेरीस तर मृग लागण्याआधीच बारामती-इंदापुरात असा पाऊस झाला, की निरा डावा कालवा फुटला. वर्षभर कोरड्या रस्त्याची सवय झालेला ड्रायव्हर आणि वर्षभर उन्हात झिजलेला टायर, यांची गाठ अशा पावसाशी अचानक पडते. त्यातच परतीचा पाऊस आणि साखर कारखान्यांचा हंगाम पुष्कळदा एकमेकांना भिडतात. माळेगाव, सोमेश्वरनगर, भवानीनगर, बिजवडी या बाजूंना उसाची वाहने निघाली, की शेतातला काळा चिखल चाकांबरोबर डांबरी रस्त्यावर येतो. त्यावर पावसाची भुरभुर झाली की रस्ता साबण लावल्यासारखा होतो.

आता टायरच्या दुकानात काय घडते ते पाहू. मोठमोठ्या गोट्यांचा, खोल खाचांचा, दिसायला दणकट टायर समोर ठेवतात. त्याला 'ऑल टेरेन' म्हणजे सगळ्या जमिनींवर चालणारा म्हणतात. त्यावर 'एम+एस' अशी अक्षरेही असतात. आपला माणूस समजतो, हाच पावसाचा टायर. पण त्या अक्षरांचा अर्थ चिखल आणि बर्फ एवढाच आहे. ओल्या डांबरावर ब्रेक चांगला लागेल, अशी हमी त्यात नाही. चिखलातली पकड आणि ओल्या डांबरावरची पकड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चिखलात मोठे गोटे जमिनीत रुततात आणि गाडी पुढे ढकलतात. डांबरावर रुतायला काही नसते; तिथे रस्त्याला टेकलेले रबर आणि पाणी बाहेर काढणाऱ्या खाचा हेच कामाचे. गोट्यांमध्ये फार मोठी मोकळी जागा असली, तर रस्त्याला रबर कमी टेकते.

म्हणून टायर घेण्याआधी आपल्या गाडीचा हिशेब मांडावा. शंभर किलोमीटरपैकी डांबरावर किती आणि शेतात किती? पुणे-सोलापूर महामार्गावर भिगवणवरून माल नेणारी गाडी, बारामती एमआयडीसीतली गाडी, किंवा बारामतीहून भवानीनगर, निमगाव केतकीमार्गे इंदापूरला जाणारा पिकअप, यांचे जवळजवळ सगळे चालणे डांबरावर किंवा काँक्रीटवर असते. त्यांना साधा रस्त्याचाच टायर घ्यावा. लांबीच्या दिशेने तीन-चार सलग रुंद खाचा असाव्यात आणि रबरावर बारीक चिरा असाव्यात. शेतातून ऊस किंवा डाळिंब, द्राक्षे बाहेर काढणाऱ्या गाडीला मधला प्रकार चालतो : पुढे सलग खाचांचा रिब टायर, कारण वळण आणि ब्रेक पुढच्या चाकांवर अवलंबून; मागे अर्धा गोट्याचा सेमी-लग. पूर्ण गोट्याचा टायर खडी, मुरूम आणि खाणीच्या कामाचा आहे.

काळ्या मातीबद्दल एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. आपल्या चिकट काळ्या रानात दोन फेऱ्यांत खाचा मातीने बुजतात आणि महागातला टायरही गुळगुळीत होतो. तिथे टायरवर पैसे घालण्यापेक्षा गाडी मुरमाच्या रस्त्यावर उभी करून माल ट्रॅक्टरने बाहेर काढणे शहाणपणाचे. चिखलातून वर आल्यावर खाचांतली माती काढूनच डांबरावर जावे. तसेच ओढ्यावरून पाणी वाहत असेल, तर कुठलाही टायर उपयोगाचा नाही. तिथे थांबणे हाच उपाय.

टायरच्या जातीपेक्षाही मोठी गोष्ट म्हणजे खाचेची खोली. रस्त्यावर पाणी साचले आणि खाचांना ते बाहेर फेकता आले नाही, तर चाक पाण्याच्या थरावर तरंगू लागते. मग स्टिअरिंग फिरते, गाडी फिरत नाही. रिकामी गाडी वेगात असेल तर हा धोका वाढतो. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ प्रमाणे ट्रक-पिकअपच्या टायरची खाच किमान १.६ मिलिमीटर हवी. खाचेच्या तळाशी रबराचे छोटे उंचवटे असतात आणि टायरच्या बाजूला त्यांची खूण केलेली असते. खाच झिजून त्या उंचवट्याला टेकली, की टायर संपला. पण ही झाली कायद्याची शेवटची पायरी. पावसाळ्यात तीन मिलिमीटरच्या खाली गेलेल्या टायरवर भरवसा ठेवू नये. म्हणून नवा टायर घ्यायचाच असेल, तर तो मृगाच्या आधी घ्यावा. जुना टायर उन्हाळ्यात झिजवावा आणि नवा पावसाला द्यावा.

खरेदी करताना चार गोष्टी पाहाव्यात. पहिली, माप आणि वजन. १०.००-२० म्हणजे टायरची रुंदी दहा इंच आणि रिम वीस इंच. त्यासोबत लिहिलेला वजनाचा आकडा गाडीच्या कागदाशी जुळला पाहिजे. दुसरी, आयएसआय शिक्का. तिसरी, तारीख. बाजूला चार आकडे असतात. २३२५ म्हणजे सन २०२५ चा तेविसावा आठवडा. दुकानात वर्षानुवर्षे पडून राहिलेला टायर स्वस्त मिळाला तरी घेऊ नये, कारण रबर आतून कडक होते आणि कडक रबर ओल्या रस्त्याला धरत नाही. चौथी, पक्के बिल. २२ सप्टेंबर २०२५ पासून नव्या टायरवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला आहे. तो फायदा आपल्याला मिळाला का, हे बिलावरूनच कळते, आणि टायर फुटला तर भरपाई मागायलाही बिलच लागते.

स्वस्त-महागाचा हिशेबही किलोमीटरवर करावा. समजा, एक टायर नऊ हजाराला मिळाला आणि वीस हजार किलोमीटर चालला, तर किलोमीटरला पंचेचाळीस पैसे पडले. दुसरा बारा हजाराला मिळाला आणि चाळीस हजार चालला, तर तीसच पैसे पडले. म्हणजे महाग दिसणारा टायर स्वस्त ठरला. रिमोल्ड केलेला टायर चांगल्या ठिकाणी केला असेल तर मागच्या जोडचाकाला चालेल. पुढे कधीही लावू नये. हवा सकाळी, टायर थंड असताना तपासावी. मागच्या जोडचाकांत अडकलेला दगड रोज काढावा. याला पैसे लागत नाहीत.

आता मुख्य मुद्दा. हे सगळे ड्रायव्हरला बहुधा ठाऊकच असते. पण टायर घेण्याचा निर्णय त्याच्या हातात नसतो. मालक म्हणतो, एवढा हंगाम निघू दे. आणि गाडी घसरली, की पहिला गुन्हा ड्रायव्हरवर, नोकरी ड्रायव्हरची जाते, आणि हातपाय मोडले तर घर बायकोने मजुरीवर चालवायचे. मोटार वाहन कायदा, १९८८ चे कलम १९० या बाबतीत वाचण्यासारखे आहे. धोकादायक दोष असलेली गाडी चालवणारा जसा दोषी, तसाच ती चालवायला लावणारा किंवा चालवू देणाराही दोषी, असे ते कलम सांगते. तेव्हा टायर झिजला असेल तर ड्रायव्हरने मालकाला तोंडी न सांगता लेखी कळवावे. गाडी नंबर, तारीख, कोणते चाक, एवढे चार ओळींत लिहावे किंवा फोनवर फोटोसह संदेश पाठवावा आणि तो जपून ठेवावा. लिहिण्याची ताकद बाबासाहेबांनी आपल्याला उगाच दिलेली नाही. आणि ज्यांनी कर्ज काढून स्वतःचा पिकअप घेतला आहे, त्यांनी हप्त्याबरोबर दरमहा टायरसाठी वेगळी रक्कम बाजूला टाकावी. बचत गटातल्या भगिनींना हा हिशेब आमच्यापेक्षा चांगला जमतो.

प्रत्येक विहाराला आमची एक विनंती आहे. मृगाआधीच्या रविवारी वंदना झाल्यावर वस्तीतल्या सर्व गाड्या विहारासमोर उभ्या कराव्यात. खाच मोजण्याचे साधे गेज थोड्या पैशांत मिळते. वर्गणीतून एक घ्यावे. शाळेतल्या मुलामुलींनी चाके मोजून वहीत नोंदवावीत. कुणाच्या बापाचे, भावाचे कोणते चाक उतरवायला झाले आहे, हे त्या दिवशी घरातल्या सगळ्यांना कळेल. एकट्या ड्रायव्हरचे मालक ऐकत नाही. सगळी वस्ती बोलली तर त्याला ऐकावे लागते. तथागतांनी अप्रमाद, म्हणजे सतत जागे राहणे, शिकवले. तो अप्रमाद चाकापाशीही पाळू या.