नेतृत्वाचा पहिला पाठ

नेता म्हणजे सभेत मोठ्याने बोलणारा, असा पुष्कळांचा समज असतो. परंतु ज्याला आपल्या भूमीचीच ओळख नाही, तो इतरांना वाट कशी दाखविणार?

नंदुरबार जिल्ह्याच्या उत्तर सीमेवरून नर्मदा वाहते. सरदार सरोवर धरणामुळे महाराष्ट्रातील ३३ गावांवर बुडिताचे संकट आले. त्याच काठावर चिमलखेडी, निमगव्हाण अशा गावांत १९९० च्या दशकात नर्मदा बचाव आंदोलनाच्या पुढाकाराने आदिवासी ग्रामस्थांनी ‘जीवनशाळा’ उभ्या केल्या. तेथील मुले अक्षरांबरोबरच रानातील झाडे, औषधी वनस्पती, नदी व शेती यांचीही ओळख करून घेऊ लागली. आणि तीही आपल्या बोलीच्या आधाराने. पुढे या शाळांतून शिकलेल्यांपैकी काहीजण तेथेच शिक्षक झाले.

झाडांची नावे पाठ केल्याने परीक्षा साधते. पण रान तुटले तर कोणता झरा आटेल, कोणाच्या शेताची माती वाहून जाईल, हे ज्याला उमगते तोच ग्रामसभेत निर्भयपणे प्रश्न विचारतो आणि रोप लावण्यासाठी प्रथम स्वतः कुदळ उचलतो. ‘आधी केले, मग सांगितले’ हेच खरे नेतृत्व होय.