नाक्यावरचे नूडल्स आणि घरची नागली

रामेन हा मुळात चिनी पदार्थ. जपानात त्याला पूर्वी 'शिना सोबा', म्हणजे चिनी शेवया, असेच म्हणत. तोक्योच्या असाकुसा भागात १९१० मध्ये 'राइराइकेन' नावाचे दुकान निघाले, आणि पुढे हा परका पदार्थ तिथे घरचा झाला. साप्पोरोने त्यात मिसो घातला, हाकाताने डुकराच्या हाडांचा रस्सा. आठ-दहा माणसांपुरती जागा, एकच पदार्थ आणि त्या पदार्थाचा अभिमान, एवढ्या भांडवलावर तिथली छोटी दुकाने चालतात.

आमच्या जव्हारला नाक्यावर चायनीजची गाडी आहे. गेल्या श्रावणात कॉलेज सुटल्यावर आम्ही दोघे भिजत तिथे पोहोचलो. गाडीवाल्याने मोठ्या आचेवर कोबी, सिमला मिरची परतली, उकडलेले नूडल्स टाकले आणि वर चिमूटभर पांढरी पूड. हे अजिनोमोटो. किकुनाए इकेदा या जपानी रसायनशास्त्रज्ञाने १९०८ मध्ये समुद्रशेवाळातून ती चव वेगळी काढली. तेव्हा पाटीवर चीन असला तरी कढईत थोडा जपान होताच. नूडल्स गरम होते, तिखट होते. आम्ही बशी पुसून संपवली. नाक मुरडण्याचे कारण नव्हते.

शेजारच्या बाकावर आमचाच एक विद्यार्थी होता, मोखाड्याकडच्या पाड्यावरचा. घरी काय जेवतोस, असे सहज विचारले. ''नागलीची भाकर,'' तो म्हणाला, आणि लगेच हसून, ''पण ती हॉटेलात कोण मागणार, सर?''

प्रश्न आम्हांला लागला. लोकसाहित्याच्या तासाला आम्ही कणसरी शिकवतो. वारली-कोकणांची ही धान्यदेवता परीक्षेत दहा गुणांना येते. पण ज्या खानावळींत आम्ही इतकी वर्षे जेवतो, तिथे नागलीची भाकरी आम्ही एकदाही मागितली नव्हती. डोंगरउतारावरच्या वरकस जमिनीत पिकणारे हे धान्य. शंभर ग्रॅममध्ये सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम. आणि याच तालुक्यात, वावर-वांगणीला, १९९२ मध्ये शंभराहून अधिक बालके दगावली. नागली खाल्ली की कुपोषण टळते, असले सोपे समीकरण आम्ही मांडत नाही. भूक ही जमीन, मजुरी आणि दिवाळीनंतरचे स्थलांतर यांना बांधलेली आहे. मात्र जे थोडे स्वतःचे आहे त्याचीही लाज वाटावी, हे त्या भुकेवरचे व्याज आहे, आणि ते वसूल करणाऱ्यांत आम्ही शिकलेलेही आहोत. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष झाले, तेव्हा शहरात नागली 'मिलेट' होऊन चकचकीत पाकिटात गेली. (नाव बदलले की मान मिळतो, हा आपला जुना अनुभव.)

नागलीचे नूडल्स करावेत, अशी सूचना एका सहकाऱ्याने केली. करोत बापडे. आम्हांला हवे आहे ते नाक्यावरचे एक बाकडे, चुलीवरचा तवा, नागलीची भाकरी आणि उडदाची आमटी. रामेनवाल्याच्या दुकानाइतके छोटे चालेल.

परवा खानावळीतल्या मावशींना विचारून पाहिले. त्या म्हणाल्या, ''करीन की. घरी आम्ही तीच खातो. पण दोघांसाठी पीठ मळत नाही. किती जण येताय ते सांगा.''

सोमवारी वर्गात विचारणार आहोत.