चाळीस टक्क्यांच्या अलीकडे

मे महिना म्हणजे तेंदूपत्त्याचा हंगाम. गडचिरोलीतल्या एटापल्ली-धानोऱ्याच्या जंगलात सिकलसेल असलेली मुलगीही पहाटे पानं तोडायला निघते, दुपारी पुडे बांधते. ऊन, दमणूक, प्यायला पुरेसं पाणी नाही. लाल पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि सांधे, पाठ, मांड्या अशा ठणकतात की ती खाटेवर तळमळत पडते. चार दिवसांनी उठली की घरातच ऐकते, “आता बरी आहेस ना? मग चाल कामावर.”

सरकारी दारातही तिला हेच ऐकावं लागतं. 1995 च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने ते 21 केले आणि त्यांत सिकलसेल, थॅलेसेमिया, हिमोफिलिया आले. पण बहुतेक लाभांसाठी अपंगत्व किमान 40 टक्के ठरावं लागतं. केंद्राच्या इंदिरा गांधी दिव्यांग निवृत्तिवेतनाला तर 80 टक्के आणि दारिद्र्यरेषेखालचं नाव हवं, आणि एवढं करून त्यात केंद्राचा वाटा महिन्याला 300 रुपये. तुटलेला हात दिसतो, येऊन गेलेलं दुखणं दिसत नाही. तपासणीला स्वतःच्या पायांनी चालत आलेल्या मुलीला आपली वेदना दवाखान्याच्या कागदांवर सिद्ध करावी लागते. ते कागद तिच्याकडे नसतात, कारण प्रत्येक वेळी ती घरीच तळमळली. दवाखान्यात जावं तर सिरोंच्याहून गडचिरोली दोनशे किलोमीटरच्या आसपास, आणि पावसाळ्यात पर्लकोटा नदी फुगली की भामरागडचा रस्ताच बंद.

टक्के मिळाले तरी काय? उच्च शिक्षणातल्या 5 टक्के राखीव जागांसाठी ती पात्र ठरते. सरकारी नोकरीतल्या 4 टक्क्यांसाठी नाही, कारण कायद्याच्या कलम 34 मध्ये रक्ताचे आजार घेतलेलेच नाहीत. ज्या कायद्याने तिला दिव्यांग म्हटलं, त्यानेच नोकरीच्या वेळी तिला वगळावं, हा उघड अन्याय आहे.

संजय गांधी निराधार योजनेत दिव्यांगांसाठी 2025 मध्ये महिन्याला 2,500 रुपये झाले. अट अशी की कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 50,000 च्या आत हवं. म्हणजे अख्ख्या घराला दिवसाला 137 रुपये! घरातल्या एकाच मजुराला रोजगार हमीच्या तीनशेच्या घरातल्या दराने वर्षात 170 दिवस काम मिळालं, तर खरं सांगणारं घर अपात्र ठरतं. उत्पन्नाचा दाखला मिळतो तो खोटं सांगितलं तरच. गरिबाला खोटं बोलायला भाग पाडायचं आणि वर त्यालाच लबाड ठरवायचं, हे आपण राजरोस करतो.

पण सरकारला बोल लावून आपली सुटका होत नाही. मुलीचा आजार लपवतं कोण? फक्त न शिकलेली माणसं नाहीत. शिक्षक, कारकून, पगारदारांची घरंही लपवतात. आई-वडील दोघं वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात मूल सिकलसेलग्रस्त असण्याची शक्यता 25 टक्के, हे ठाऊक असूनही तपासणीचा कागद पेटीच्या तळाशी जातो. सोयरिकीच्या बैठकीत शेती, नोकरी, देणंघेणं सगळं उघड बोललं जातं, रक्ताची तपासणी विचारताना मात्र जीभ अडते. लपवलेल्या आजारावर उपचार होत नाहीत, त्याची नोंद होत नाही, आणि नोंद नाही म्हणून हक्कही मिळत नाही.

हे लपवणं भीतीपोटी होतं, आणि ती भीती नवी नाही. वरोऱ्याचं आनंदवन शेजारच्याच चंद्रपूर जिल्ह्यातलं. कुष्ठरुग्णाला घराने आणि गावाने बाहेर काढलं म्हणून बाबा आमटेंना ते उभं करावं लागलं. आपण त्याचा अभिमान सांगतो, शाळेच्या सहली तिथे नेतो. तरीही कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कायदेशीर कारण 2019 पर्यंत कायम होतं.

मग करायचं काय? ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले 5 टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे असतात. मेंढा-लेखा गावाने 2009 मध्ये जंगलावरचा सामूहिक हक्क मिळवला. आज गडचिरोलीतल्या कितीतरी ग्रामसभा तेंदूचा लिलाव स्वतः करतात. ठेकेदाराशी भाव ठरवणाऱ्या ग्रामसभेला या 5 टक्क्यांचा हिशेब मागणं जड नाही. येत्या ग्रामसभेत तो मागा. आणि शिक्षकांनो, ग्रामसेवकांनो, आशाताईंनो, शिकलेल्या पोरांनो, आपल्या गावातल्या निदान एका माणसाचे दवाखान्याचे कागद पिशवीत गोळा करा, त्याचा अर्ज भरून द्या, तपासणीच्या दिवशी त्याच्यासोबत जा. आणि अर्ज भरून देण्याचे पैसे घेऊ नका.