पायसाठी आंबट सफरचंद मागा

गेल्या काही वर्षांत आपल्या घरांत ओव्हन आले. पूर्वी ईदच्या आधी नानखटाई भाजायची, तर ट्रे घेऊन मोहल्ल्यातल्या बेकरीत नंबर लावावा लागे. आता मुली मोबाइलवर व्हिडिओ पाहून घरीच केक, पिझ्झा आणि अ‍ॅपल पायसुद्धा करतात. ‘पाय’ म्हटल्यावर घरातल्या ज्येष्ठांना आधी पायाचा रस्सा आठवतो, हा भाग वेगळा. विलायतेत या पायच्या पारीत पूर्वी सर्रास डुकराची चरबी घालत. आपल्याकडे लोणी किंवा तूप घातले जाते आणि पारी तेवढीच खुसखुशीत होते. पारीचा प्रश्न असा सुटला. आतल्या सारणाचा मात्र सुटलेला नाही.

तक्रार सगळीकडे सारखीच असते. पाय गोडमिट्ट झाला, सारणाला चव नाही, पारी खालून ओली राहिली. दोष ओव्हनला दिला जातो, नाहीतर करणाऱ्या मुलीला. माझ्या मते बहुतेक वेळा दोष सफरचंदाचा असतो, आणि ते आपण कसे निवडतो याचा.

आपण सफरचंद डोळ्यांनी निवडतो. लालभडक, चकचकीत, एकही डाग नसलेले, आकाराने मोठे. असे फळ आजाऱ्याला भेटायला जाताना न्यायला किंवा इफ्तारच्या ताटात मांडायला शोभून दिसते. भट्टीत त्याचा निभाव लागत नाही. आपल्या बाजारातले बहुतेक लाल सफरचंद ‘डेलिशियस’ कुळातले असते. त्यात आंबटपणा कमी असतो आणि काही आठवडे साठवले की त्याचा गर भुसभुशीत होतो. उष्णता लागली की फोडी मऊ पडतात, पाणी सुटते, वर साखर पडलेली असतेच. मग उरतो तो गोड लगदा.

पायसाठी सफरचंद दोन गुणांवर निवडायचे: आंबटपणा आणि घट्टपणा. साखर, लोणी आणि दालचिनी यांच्या गर्दीत फळाची चव टिकते ती आंबटपणामुळे. फळाच्या पेशी एकमेकींना धरून ठेवणारा पेक्टिन नावाचा पदार्थ शिजताना किती टिकतो, यावर फोडीचा आकार अवलंबून असतो. ऑस्ट्रेलियात १८६८ साली मारिया अ‍ॅन स्मिथ या बाईंच्या मळ्यात आपोआप उगवलेले हिरवे ‘ग्रॅनी स्मिथ’ जगभर पायसाठी वापरतात, कारण त्यात हे दोन्ही गुण आहेत. इंग्लंडमधले ‘ब्रॅमली’ त्याहून आंबट. ते शिजले की विरघळून फेसासारखे होते आणि इंग्रजांना पायमध्ये नेमके तेच आवडते. म्हणजे सगळ्या पायांसाठी एकच उत्तम सफरचंद नसते. आपल्याला सारण कसे हवे, त्यावर ते ठरते.

हे आपल्याला नवे वाटायला नको. आमरसाला पायरी, नुसते कापून खायला हापूस, लोणच्याला आंबट घट्ट कैरी, हे मराठी घरात कुणाला शिकवावे लागत नाही. बिर्याणीला कोणता तांदूळ आणि खिचड्याला कोणता, यावर आपल्याकडे सासू-सुनांचे मतभेद होतात. सफरचंदाच्या बाबतीत मात्र आपण फार तर ‘काश्मीरचे की शिमल्याचे’ एवढेच विचारतो. ते गावाचे नाव झाले, जातीचे नव्हे. विक्रेत्यालाही त्यापुढचे काही सांगावे लागत नाही, कारण कुणी विचारतच नाही.

हे न विचारणे कुणाला तरी महाग पडते. देशातली सुमारे तीन चतुर्थांश सफरचंदे काश्मीरमध्ये पिकतात. तिथे ‘महाराजी’ नावाची एक जुनी जात आहे. लाल सालीवर पांढरे ठिपके, रसाळ, चांगली आंबट. हंगामाच्या शेवटी उतरते आणि बरेच महिने टिकते. काश्मिरी घरांत आंबट सफरचंद आणि वांगे एकत्र शिजवून ‘चूंठ वांगुन’ करतात. ज्या प्रदेशाला सफरचंद रांधायची सवय आहे, तिथे आंबट सफरचंदाची किंमत कळते. पण माल बाहेर जातो तो आपल्यासारख्या गिऱ्हाइकांकडे आणि आपल्याला फक्त गोड व लाल हवे असते. त्यामुळे बागायतदार आधी डेलिशियसकडे वळले. आता दाट लागवडीच्या नव्या बागांत गाला, फुजी अशा गोड परदेशी जाती लावत आहेत. त्यांना दोष कसा देणार? झाड लावले की पुढची कित्येक वर्षे घर त्यावर चालायचे असते. जे विकते तेच ते लावणार.

डोळ्यांनी केलेल्या निवडीचे काय होते, हे खुद्द डेलिशियसच्या इतिहासात दिसते. अमेरिकेतल्या आयोवा राज्यात जेसी हायट नावाच्या शेतकऱ्याच्या बागेत एकोणिसाव्या शतकात ते पहिल्यांदा आले, तेव्हा ते पिवळसर आणि लाल पट्ट्यांचे होते. स्टार्क नावाच्या रोपवाटिकेने त्याचे हक्क घेतले. १९१६ साली सॅम्युअल स्टोक्स यांनी त्याची रोपे हिमाचलातल्या कोटगढला आणली. पुढे अमेरिकेत पिढ्यानपिढ्या अधिकाधिक लाल फांद्यांचीच कलमे निवडली गेली. रंग वाढत गेला, चव मागे पडली. शेवटी तिथल्याच गिऱ्हाइकाने त्याच्याकडे पाठ फिरवली. आपण त्याच वाटेने कशाला जायचे?

काही जण म्हणतील, ग्रॅनी स्मिथ मॉलमध्ये मिळते, ते घ्या आणि विषय संपवा. ज्याला परवडते त्याने जरूर घ्यावे. पण हजारो मैलांवरून आलेले महाग फळ हा सगळ्या घरांचा उपाय नाही, आणि आपल्याच देशातले आंबट फळ गिऱ्हाइकाअभावी मागे पडत असताना तर नाहीच. दुसरा आक्षेप खरा आहे. महाराजी आपल्या कोपऱ्यावरच्या गाडीवर सहज मिळत नाही. मिळाले तरी ‘काश्मिरी’ या एकाच नावाखाली मिळते. म्हणून नाव विचारण्याची सवय लावायला हवी, आणि नाव कळत नसेल तर जिभेवर भरवसा ठेवायला हवा.

एकच फळ आधी घ्या. कापून खाऊन बघा. दाताखाली करकरीत आणि जिभेला आंबट लागले तर उरलेला किलो घ्या. एक फोड तव्यावर थोड्या लोण्यात पाच मिनिटे परता. आकार टिकला तर ते पायचे फळ. फक्त गोड जातीच मिळत असतील तर पिवळे ‘गोल्डन’ बघा. ते शिजल्यावर लाल डेलिशियसपेक्षा बरे टिकते. त्यात लिंबाचा रस घाला आणि साखर कमी करा. लिंबाने आंबटपणा येतो, घट्टपणा येत नाही, हे लक्षात असू द्या. फोडी आधी झाकण ठेवून अगदी मंद आचेवर कोमट करून घेतल्या, उकळू दिल्या नाहीत, तर त्या भट्टीत कमी फुटतात. सुटलेले पाणी वेगळे आटवून घातले की पारीही ओली होत नाही.

आणि डागाला घाबरू नका. गारांचा व्रण, वाकडा आकार, फिका रंग यांनी पाय बिघडत नाही. साल तर आपण काढूनच टाकतो. २०२२ आणि २०२५ च्या सप्टेंबरात जम्मू-श्रीनगर महामार्ग बंद पडला, तेव्हा फळांनी भरलेले ट्रक दिवसेंदिवस अडकून राहिले. असा माल बाजारात पोचतो तेव्हा एका डागापायी बागायतदाराचा भाव पडतो. कुजलेले फळ कुणी घेऊ नये. पण नुसता डाग असलेले फळ रांधणाऱ्याने घेतले, तर त्याचा खर्च वाचतो आणि पिकवणाऱ्याच्या पदरात चार पैसे पडतात.

काश्मीरबद्दल आपण बोलतो खूप. तिथल्या माणसाच्या वर्षभराच्या कष्टाचे फळ दर आठवड्याला आपल्या पिशवीत येते, त्याचे नाव मात्र आपल्याला ठाऊक नसते. पुढच्या वेळी गाडीवर उभे राहिलात की विचारा, ‘भाई, यात आंबट कोणते? महाराजी आहे का?’ पहिल्यांदा तो हसेल. दहा गिऱ्हाइकांनी विचारले तर आणून ठेवेल.