शब्दांची मोड : बदली पैसा

आपल्या भागात ‘हुंडी’ हा शब्द समोरचा माणूस बघून वापरावा लागतो. मराठी व्यापाऱ्याला ती पैसे चुकवायची चिठ्ठी, कन्नड शेजाऱ्याला देवळातली दानपेटी. म्हणून पोलंडमध्ये शिकणाऱ्या माझ्या भाचीने तिकडच्या जुन्या पैशांच्या काही नावांना मराठी शब्द विचारले, तेव्हा हुंडी मी आधीच बाजूला ठेवली.

पोलिश माणूस आपल्याला अगदी परका नाही बरं का. निपाणीहून तासाभरावर कोल्हापूर, आणि त्याच्या जवळच्या वळिवड्यात १९४३ ते १९४८ या काळात सुमारे ५,००० पोलिश निर्वासित राहत होते.

भाचीचा पहिला शब्द ‘प्येन्योन्त्स झास्तेंप्ची’. सरकारी नाणं बाजारातून गायब झालं की नगरपालिका, कारखानदार, दुकानदार आपापले कागद काढतात, तो पैसा. १९१४ साली महायुद्ध पेटलं, लोकांनी नाणी दडवली आणि पोलंडमधल्या अनेक शहरांनी असे कागद छापले. दुसऱ्या महायुद्धात आपल्याकडेही खुर्दा आटला, तेव्हा बिकानेर, मोरवी अशा संस्थानांनी पैसा-आण्याची कूपनं काढली. तुमच्या लहानपणी सुट्ट्या रुपयाऐवजी दुकानदार चॉकलेट द्यायचा आणि कंडक्टर तिकिटामागे उरलेले पैसे लिहून द्यायचा, तेही याच घराण्यातलं.

कोशातला शब्द ‘पर्यायी चलन’. मला तो पटत नाही. पर्याय म्हणजे निवड आली, आणि इथे निवड कुणालाच नव्हती. ट्राम बंद पडल्यावर तिच्या जागी धावणाऱ्या बसला पोलिशमध्ये हेच विशेषण लावतात. गिरणीत कायम कामगार आला नाही की त्या दिवसापुरता उभा राहायचा तो ‘बदली’. म्हणून मी ‘बदली पैसा’ सुचवला. सरकारी नोकरांच्या घरात ‘बदली’ ऐकून धस्स होतं खरं, पण ते चालेल.

दुसरा शब्द फसवा : ‘मार्का दोमिन्याल्ना’. मार्का म्हटलं की निपाणीकराला विडीचं बंडल दिसणार! हे मात्र जमीनदाराने आपल्या शेतावरच्या मजुरांना कामापोटी दिलेले धातूचे तुकडे. ‘वाड्याचा बिल्ला’ असं मी लिहून दिलं. आपल्याकडे वाडा म्हणजे काय आणि तिथे कोणाचा शब्द चालतो, हे समजवावं लागत नाही.

अडलो ते ‘क्वित’पाशी. क्वित म्हणजे पावती. १९४० साली नाझींनी वूच शहरातल्या ज्यूंना कुंपणाआड कोंडलं आणि त्यांच्याजवळचे खरे पैसे काढून घेऊन हातात हे कागद दिले. कुंपणाबाहेर त्यांची किंमत शून्य. कागदावर जर्मनमध्ये छापलेला शब्दही पावती असाच. जणू पैसे कुठेतरी जमा आहेत आणि मागितले की परत मिळतील! भाचीने ‘नोट’ लिहिलं होतं, वाचायला सोपं म्हणून. तिला म्हटलं, बाळ, इथे सोपं करू नकोस. ‘नोट’ लिहिलंस तर ती फसवणूक तुझ्या मराठीतून निसटेल. ‘पावती’च ठेव.

लोक मात्र त्या कागदांना ‘रुमकी’ म्हणत, कुंपणाआडच्या ज्यू कारभाऱ्याच्या, रुमकोव्स्कीच्या नावावरून. तो शब्द आम्ही तसाच ठेवला. आता ‘बोन’ तेवढा राहिलाय. मी ‘कूपन’वर अडून बसलोय, भाचीला ‘चिठ्ठी’ हवी आहे.