ट्रॅकवर लावलेली गाडी माझी होती

स्टेशन रोडच्या सायकल ट्रॅकचं उद्घाटन झालं तेव्हा मी तिथे हजर होतो. हौसेने नाही, एन.एस.एस.चे तास मिळणार होते म्हणून. (आपण सगळे त्याचसाठी जातो, उगाच नाही म्हणू नका!) पांढरे टी-शर्ट, वडापाव, लाल फीत... पाहुणे सायकलवर बसले, फोटोपुरती चाळीसेक पावलं गेले आणि मागून हळूहळू येणाऱ्या स्वतःच्या गाडीत जाऊन बसले. आम्ही पोट धरून हसलो. पण खरं सांगू? ट्रॅक बघून मला मनापासून बरं वाटलं होतं. नुसता पट्टा मारून मोकळे झाले नव्हते. रस्ता आणि ट्रॅक यांच्यामध्ये चांगला वीतभर उंचीचा कर्ब होता, आणि तोही भर बाजारपेठेत.

तीन महिन्यांनी त्याच ट्रॅकवर, चहाच्या टपरीसमोर, मी माझी गाडी लावत होतो. रोज. एकटा नाही, आपल्या हॉस्टेलच्या दहा-बारा गाड्या असायच्या. तिथे सायकली येतात कुठे, असं आम्ही एकमेकांना सांगायचो.

मग सहाव्या सेमला सेमिनारचा विषय निवडायची वेळ आली. ट्रान्सपोर्टेशनच्या सरांनी यादी पुढे केली आणि सोपा दिसतो म्हणून मी 'शहराच्या मध्यभागातले संरक्षित सायकल मार्ग' हा उचलला. वाचता वाचता स्पेनमधलं सेव्हिल भेटलं, आणि तिथून माझी गोची सुरू झाली.

सेव्हिल म्हणजे काही हॉलंड नव्हे. २००६ च्या आधी तिथे सायकलवर फिरणारे लोक शोधावे लागत. जुन्या शहरात अरुंद गल्ल्या, उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडणारा. 'आपल्याकडे ऊन फार' हे आपलं आवडतं कारण तिथेही चाललं असतं. पण महापौर मोन्तेसेइरीन यांच्या काळात तिथे साधारण दीड वर्षात सुमारे ८० किलोमीटरचं जाळं बांधलं गेलं. जाळं हा शब्द महत्त्वाचा. या चौकात अर्धा किलोमीटर, त्या पुलावर पाऊण, असं नाही. एकमेकांना जोडलेले, दोन्ही दिशांनी जाता येणारे, वाहनांपासून वेगळे केलेले हिरवे मार्ग. आणि रस्ते अरुंद असताना जागा कुठून आणली? पार्किंगमधून. जवळजवळ ५ हजार गाड्यांची जागा काढून घेतली. ओरड झाली, होणारच. पण काही वर्षांतच दिवसाच्या सायकलफेऱ्या ६ हजारांच्या आसपास होत्या त्या ७० हजारांच्या पुढे गेल्या. २०११ मध्ये सत्ता विरोधी पक्षाकडे गेली, तरी मार्ग राहिले.

'सायकलवाले नाहीत, मग ट्रॅक कशाला' हा मुद्दा आपल्या मेससारखा आहे. पोरं जेवायला येत नाहीत म्हणून भाजी कमी करतात, आणि भाजी कमी म्हणून पोरं येत नाहीत. सेव्हिलवाल्यांनी आधी भाजी वाढवली, एवढंच.

न्यूयॉर्कचं उदाहरण तर मला जास्तच झोंबलं. २००७ मध्ये तिथल्या नाइन्थ ॲव्हेन्यूवर, १६ ते २३ व्या स्ट्रीटच्या दरम्यान, त्यांनी एक साधी उलटापालट केली. आधी फुटपाथ, मग उभ्या गाड्या आणि त्यांच्या बाहेर सायकलवाला, असा नेहमीचा क्रम असतो. त्यांनी सायकलवाल्याला फुटपाथलगत घेतलं, गाडीचं दार उघडलं तरी लागू नये एवढी जागा सोडली आणि पार्किंग बाहेर ढकललं. म्हणजे उभी गाडी हीच भिंत झाली. चौकात वळणाऱ्या गाड्यांना वेगळा सिग्नल आणि सायकलला वेगळा, कारण खरी धडक वळणावरच होते. तिथे पार्क केलेली गाडी सायकलवाल्याला वाचवते. आपल्याकडे पार्क केलेली गाडी काय करते, ते आता सांगतो.

आपल्या मेसमधले काका (नाव लिहीत नाही, चपात्यांवाले म्हटलं की सगळ्यांना कळेल) पहाटे पाचला सायकलवर येतात आणि रात्रीची भांडी आवरून साडेदहाला निघतात. स्टेशन रोडनेच. फेब्रुवारीत त्यांचा हात प्लास्टरमध्ये होता ते आठवत असेल. 'चपात्या कच्च्या' म्हणून आपण सूचनापेटी भरून टाकली तेच दिवस.

झालं होतं असं. दुकानांत जायला वाट हवी म्हणून ट्रॅकचा कर्ब तीन-चार ठिकाणी फोडलाय. त्या फटींतून आपण गाड्या आत घेतो. आता विचार करा, पट्ट्याच्या रस्त्यावर समोर गाडी दिसली की सायकलवाला लांबूनच हळूहळू बाजूला सरकतो. कर्बच्या ट्रॅकमध्ये त्याला सरकता येत नाही. तो थेट फटीपर्यंत येतो आणि तिथून एकदम रस्त्यावर उतरतो. मागच्या वाहनाला तो अचानकच दिसतो. म्हणजे संरक्षित मार्ग अडवला की तो नुसत्या पट्ट्यापेक्षाही धोक्याचा होतो. काका असेच उतरले आणि टेम्पोचा आरसा लागला. मनगट मोडलं. टेम्पो सावकाश होता म्हणून तेवढ्यावर निभावलं. आपण इंजिनिअर आहोत. वेग तिसावरून साठावर गेला की ऊर्जा चौपट होते हे पहिल्या सेमला शिकलोय. पेपरात लिहितो आणि विसरतो.

त्या रात्री टपरीसमोर उभ्या असलेल्या गाड्यांमध्ये पहिली, फटीच्या अगदी तोंडाशी, माझी होती. पोरं उचलायला धावली, मीही धावलो. गाडी माझी आहे हे मी कोणाला बोललो नाही. काकांना रिक्षात बसवताना ते मलाच म्हणाले, "बाळा, सकाळचं पीठ मळायला कुणाला तरी सांग." वीसेक दिवस ते कामावर नव्हते. ठेकेदाराने त्या दिवसांचे पैसे दिले नाहीत, हे मला नंतर कळलं.

सेमिनार छान झाला. सेव्हिलच्या स्लाइडला टाळ्या पडल्या. मी मात्र ट्रॅकवरून चालत हॉस्टेलवर आलो आणि पुढच्या आठवड्यात काकांना सगळं सांगून टाकलं. ते पोळपाटावरून वर न बघता म्हणाले, "मला माहीत होतं. नंबर प्लेट वाचता येते मला."

आता कोणी म्हणेल, दोष आपला एकट्याचा आहे का? नाही. ट्रॅकच्या मधोमध डीपी उभी आहे, चेंबरची झाकणं वर आलीत, बसथांब्याशी ट्रॅक गायब होतो आणि पुढे पुन्हा उगवतो. ज्या पुण्याला एकेकाळी सायकलींचं शहर म्हणत, तिथेही २००६ च्या बी.आर.टी.पासून ट्रॅकच्या तुकड्यांचं हेच रडगाणं ऐकू येतं. डीपी आपण हलवू शकत नाही, मान्य. पण दहा-बारा गाड्या हलवू शकतो ना? पहाटे पाचला त्या रस्त्याने बघा एकदा. हेल्मेट-चष्मा घातलेले हौशी कमीच. पेपर टाकणारी पोरं, वॉचमन, दूधवाले, आपले काका, हेच ट्रॅकचे खरे मालक. उद्घाटनाच्या फोटोत यांतलं कोणी नव्हतं.

तेव्हा माझं म्हणणं थोडक्यात. हॉस्टेलच्या मागे, जुन्या वर्कशॉपच्या शेडशेजारी, भंगार ठेवलेली जागा आहे. तिथे गाड्या लावून टपरीपर्यंत चालत जायला चार मिनिटं लागतात, मी घड्याळ लावून बघितलंय. शेडमध्ये एक ट्यूबलाइट आणि मागच्या फाटकाची किल्ली रात्री अकरापर्यंत वॉचमनकडे, एवढंच हवंय. रेक्टर सरांचं म्हणणं, अर्ज द्या, बघू. अर्ज लिहिलाय. सह्या आतापर्यंत ४१ झाल्यात, त्यातली पहिली माझी. शुक्रवारपर्यंत कागद रूम नं. १०७ मध्ये आहे. दार उघडंच असतं.